कोरड्या भागातलं पाणी सॅटेलाइटवरून कसं मोजतात

निमशुष्क भाग म्हटलं की बऱ्याच जणांच्या डोळ्यासमोर वाळवंट येतं, पण तसं नाहीये. पाऊस पडतो, कधीकधी धो धो पडतो, फक्त ऊन आणि वारा वर्षभरात जेवढं पाणी उडवू शकतात त्याच्या पाचव्या हिश्श्यापासून फार तर निम्म्यापर्यंतच तो असतो. अशा ठिकाणी पाणी किती आहे विचारलं की लोक धरणाचा साठा सांगतात, आणि माझ्या मते हिशोब तिथेच चुकायला लागतो, कारण बरंचसं पाणी मातीत असतं, खोल खडकात असतं, नाहीतर हवेत उडून गेलेलं असतं. यातलं काहीच डोळ्यांना दिसत नाही.

आधी जमेची बाजू, म्हणजे पाऊस. पर्जन्यमापक लांब लांब असतात आणि कोरड्या भागातला पाऊस तुकड्या-तुकड्यात पडतो, एका गावात झोडपतो आणि शेजारचं गाव कोरडं. २०१४ मध्ये सोडलेलं जीपीएम हे पाऊस मोजणारं सॅटेलाइट मिशन आणि त्याच्या जोडीचे बाकीचे सॅटेलाइट मिळून दर अर्ध्या तासाला साधारण १० किलोमीटरच्या चौकटीत पावसाचा अंदाज देतात. पण सॅटेलाइट बघतो ढगातला पाऊस, आणि हवा कोरडी असली की थेंब जमिनीवर यायच्या आधीच वाटेत सुकतात, त्यामुळे आकडा जास्त येऊ शकतो. म्हणून जमिनीवरच्या मापकांशी ताळा करावाच लागतो.

आता खर्च. इथे मला जरा थांबायचंय, कारण निमशुष्क भागात पडलेल्या पावसाचा सगळ्यात मोठा वाटा नदीत जात नाही, तो बाष्प होऊन परत हवेत जातो, आणि नेमका हाच खर्च मोजायचं साधं यंत्र आपल्याकडे नाही. सॅटेलाइटचा खरा उपयोग मला इथे वाटतो. लँडसॅट नावाचा सॅटेलाइट सकाळी साधारण दहाच्या सुमारास वरून जातो आणि जमिनीचं तापमान टिपतो. भिजवलेलं पीक पानांतून पाणी सोडत असतं, त्यामुळे ते गार दिसतं, शेजारचं पडीक रान तापलेलं असतं. सूर्याकडून आलेली ऊर्जा किती, त्यातली माती तापवण्यात किती गेली, हवा तापवण्यात किती गेली हे वजा केलं की उरलेली ऊर्जा पाण्याची वाफ करण्यात गेली असं धरता येतं. म्हणजे तापमानावरून शेतानं किती पाणी वापरलं ते निघतं, तेही एकेका शेताच्या पातळीवर! अडचण एवढीच की लँडसॅट ८ आणि ९ मिळून एका जागी ८ दिवसांनी येतात, आणि त्या दिवशी ढग असले की तो फोटो गेला, मग मधल्या दिवसांचा अंदाज हवामानाच्या आकड्यांवरून बांधायचा.

मातीतल्या ओलीसाठी २०१५ पासून स्मॅप नावाचा सॅटेलाइट आहे, पण तो वरचे ५ सेंटिमीटरच बघतो, मुळं त्याच्या बरीच खाली. तळ्यांसाठी २०२२ मध्ये स्वॉट नावाचा सॅटेलाइट गेला, तो पाण्याची उंची मोजतो, पण साधारण ६ हेक्टरच्या वरच्या तळ्यांची. छोटी तळी यात निसटतात, आणि कोरड्या भागात त्यांचाच आधार असतो हे विसरून चालणार नाही.

राहिलं भूजल. २००२ मध्ये ग्रेस नावाची जोडी सोडली, दोन सॅटेलाइट एकामागे एक, मध्ये साधारण २२० किलोमीटर अंतर. खाली पाणी जास्त म्हणजे वस्तुमान जास्त, आणि त्याचं गुरुत्वाकर्षणही जास्त, त्यामुळे पुढचा आधी ओढला जातो, अंतर वाढतं, मग मागचा ओढला जातो. हा फरक मायक्रॉनपर्यंत, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागापर्यंत मोजतात आणि त्यावरून एखाद्या प्रदेशातलं एकूण पाणी महिन्या-महिन्याला किती वाढलं-घटलं ते काढतात. जोडी २०१७ ला थांबली, २०१८ पासून नवी जोडी काम करतेय. याच डेटावरून २००९ मध्ये निघालं की राजस्थान, पंजाब, हरियाणा या पट्ट्यात २००२ ते २००८ या काळात सुमारे १०९ घन किलोमीटर भूजल गेलं.

तिथे घट होती वर्षाला साधारण ४ सेंटिमीटर पाण्याच्या थराएवढी. ऐकायला किरकोळ वाटतं ना? पण जमिनीखाली मोकळं तळं नसतं, पाणी कणांच्या फटीत असतं. उपसल्यावर खरोखर सुटणारं पाणी एकूण आकारमानाच्या १२ टक्के धरलं तर ४ सेंटिमीटर पाणी काढायला पातळी ३३ सेंटिमीटर खाली जाते, आणि दहा वर्षं हेच चाललं तर ३ मीटरपेक्षा जास्त. कठीण खडकात हे टक्के अजून कमी असतात, तिथे विहीर त्याहून झपाट्याने आटते.

बरं, ग्रेस थेट भूजल सांगतच नाही. तो एकूण बदल सांगतो, त्यातून मातीतली ओल आणि तळ्या-धरणातलं पाणी वजा करायचं, उरलं ते भूजल, म्हणजे आधीच्या प्रत्येक आकड्यातली चूक शेवटी भूजलाच्या आकड्यात येऊन बसते. शिवाय त्याला शेकडो किलोमीटरच्या प्रदेशाचाच एकत्र बदल दिसतो, एका तालुक्याचं भूजल त्यावरून सांगणं मला अजिबात पटत नाही, कोणी तसा नकाशा दाखवला तर त्यात मॉडेलचा, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या अंदाजाचा, वाटा किती हे आधी विचारा. तालुक्याच्या पातळीवर निरीक्षण विहिरीच लागतात, पावसाळ्याआधी आणि नंतर नेमाने मोजलेल्या, आणि त्या १२ टक्क्यांसारखा आकडाही तिथल्या खडकाची चाचणी करूनच मिळतो.