यॉर्कशायरचे ‘रायडिंग’: एका गिळलेल्या अक्षराची पार्श्वभूमी

उत्तर इंग्लंडमधल्या यॉर्कशायर या काउंटीचे, म्हणजे जिल्ह्यासारख्या प्रदेशाचे, तीन हिस्से होते; त्यांना ‘रायडिंग’ म्हणत. ‘ईस्ट रायडिंग ऑफ यॉर्कशायर’ हे नाव ऐकलं की घोडेस्वारी डोळ्यासमोर येते. तिचा इथे काहीही संबंध नाही. मूळ शब्द स्कँडिनेव्हियातल्या जुन्या नॉर्स भाषेतला, ‘थ्रिडयुंगर’. अर्थ तिसरा हिस्सा. नवव्या शतकात यॉर्क जिंकून तिथेच जमिनी कसायला बसलेल्या डेन लोकांनी तो आणला. इंग्रजीत त्याचं ‘थ्रिडिंग’ झालं आणि मग गंमत झाली. ‘नॉर्थ थ्रिडिंग’ हे भरभर म्हणून पाहा: दोन ‘थ’ एकमेकांत मिसळतात. ‘ईस्ट’ आणि ‘वेस्ट’च्या शेवटच्या ‘ट’नेही तेच केलं. दिशेच्या नावाने पुढच्या शब्दाचं पहिलं अक्षर गिळलं आणि मागे उरलं ‘रायडिंग’. हिस्से तीनच, त्यामुळे यॉर्कशायरला साउथ रायडिंग नव्हता. लिंकनशायरमधल्या लिंडसीचेही असेच तीन भाग होते. तिथे मात्र साउथ होता, ईस्ट नव्हता.

रायडिंगच्या पोटात ‘वॉपनटेक’ नावाचे छोटे विभाग असत. त्या नावात शस्त्रं हाती घेण्याचा अर्थ आहे. दक्षिणेत त्यांच्या जागी ‘हंड्रेड’, म्हणजे हिशेबाला शंभर ‘हाइड’ (जमीन मोजण्याचं जुनं एकक) जमीन. अशा विभागांना पुष्कळदा सभेच्या जागेचंच नाव मिळे: झाड, टेकाड, नदी पायी ओलांडायची जागा. लीड्सजवळच्या ‘स्कायरॅक’ वॉपनटेकच्या नावात ओकचं झाड आहे. हेडिंग्लीत त्याचा म्हणून दाखवला जाणारा जुना ओक 1941 मध्ये कोसळला.

1889 मध्ये तिन्ही रायडिंगांना स्वतंत्र काउंटी कौन्सिलं मिळाली. 1974 च्या फेररचनेत ती गेली आणि ईस्ट रायडिंगचा बराचसा भाग ‘हंबरसाइड’ या नव्या काउंटीत घातला गेला. बदल फक्त कारभारापुरता आहे, जुन्या काउंट्यांच्या सीमांना हात लावलेला नाही, असं तेव्हा सरकारकडून सांगण्यात आलं. हे समाधान पोकळ होतं. हंबर नदीच्या उत्तरेला पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या माणसांना पत्त्यात ‘नॉर्थ हंबरसाइड’ लिहावं लागलं आणि ते नाव त्यांनी शेवटपर्यंत आपलं मानलं नाही. हजार वर्षं बोलण्यात टिकलेलं नाव कागदावरून पुसणं ही चूकच होती.

1996 मध्ये हंबरसाइड मोडलं आणि ईस्ट रायडिंग परतला. नॉर्थ आणि वेस्ट नाही. परतला तोही जुन्या हद्दीनिशी नव्हे. हल शहराचा कारभार वेगळा राहिला, आणि मुळात वेस्ट रायडिंगमधलं गूल आज ईस्ट रायडिंगमध्ये आहे.