पातेऱ्याखालची उलाढाल

ऐन पावसाळ्यात कोकणातल्या देवराईत शिरलं की पायाखालची जमीन मऊ दबते. वर झाडांचा मांडव, खाली ओला पातेरा, म्हणजे गळून पडलेला पाला. एवढं दाट रान बघून वाटतं, इथली माती चांगलीच कसदार असणार. पण जांभ्या दगडावरची ही तांबडी माती तशी गरीबच. वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस झोडपतो तिथं कॅल्शियम, पोटॅशियम टिकणार कसं? ते केव्हाच धुपून गेलं. मागे उरली लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं, आणि ती स्फुरद (फॉस्फरस) असं धरून ठेवतात की मुळांना सहजी सोडवत नाही.

मग रान जगतं कशावर? बरंचसं स्वतःच्याच पानगळीवर. वाणीसारखे किडे पाचोळ्याचा चुरा करतात, बुरशी आणि जिवाणू तो कुजवतात. त्यातून सुटलेला कस पुढच्या सरीनं वाहून जायच्या आत झाडं टिपून घेतात. बारीक मुळांची सगळी दाटी म्हणूनच वरच्या थरात. स्फुरदासाठी तर मुळांनी बुरशीशीच सौदा केलाय. मूळ पोचत नाही अशा फटींतून बुरशीचे तंतू स्फुरद आणतात, मोबदल्यात झाड साखर देतं. हा व्यवहार ४० कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्मांतही दिसतो. त्या वनस्पतींना धड मुळंसुद्धा नव्हती!

घरात वाळवी दिसली की आपण औषध शोधतो. रानात मात्र ती शेतकरीण. काही जातींची वाळवी वारुळात पाल्यापाचोळ्यावर बुरशी पिकवते. पावसाळ्यात वारुळांवर उगवणारी, कोकणात आणि गोव्यात चवीनं खाल्ली जाणारी अळंबी त्याच शेतातली. वाळवीच्या बोगद्यांतून हवा-पाणी खाली उतरतं, आणि वाळवीवर ताव मारायला त्याच ओल्या मातीत देवगांडूळ असतो. नावाला गांडूळ, पण आहे बेडकाचा बिनपायांचा नातलग.

पातेऱ्यातला हा कस शेतकऱ्यानं कधीच ओळखलाय. भाताचं रोप करायच्या जागी तो पालापाचोळा पसरून जाळतो, म्हणजे राब भाजतो. असा तो रानातला कस खाचरात नेतो. थोडा पातेरा गेला तर रान सोसतं, दरवर्षी झाडून नेला तर नाही. कित्येक देवरायांत वाळकी काटकीही न उचलण्याचा दंडक आहे, त्याचा फायदा मातीलाच होतो.

झाडंच तुटली की पावसाचा मार थेट मातीवर बसतो. ती वाहून जाते आणि खालचा जांभा उघडा पडतो. खाणीतून ताजा काढलेला जांभा हत्यारानं सहज तासता येतो, पण उन्हावाऱ्यात तो कडक होत जातो. कोकणातल्या घरांच्या भिंतींना लागतो तो चिरा हाच.