जिन ग्वांगयाओ: फॅन्सनी लावलेले अर्थ

जिन ग्वांगयाओ हा मो श्यांग थोंग श्यू या लेखिकेच्या 'मो दाओ झू शी' या चिनी कादंबरीतला मुख्य खलनायक. चिनी फँटसी वाचणाऱ्यांमध्ये ज्यांच्यावरचे वाद काही केल्या मिटत नाहीत अशी जी थोडी पात्रं आहेत त्यातलं हे एक. कादंबरी २०१५-१६ मध्ये जिनज्यांग या चिनी साहित्याच्या वेबसाइटवर क्रमशः आली, २०१८ मध्ये त्यावर ॲनिमेशन आलं आणि २०१९ मध्ये 'द अनटेम्ड' ही ५० भागांची सिरीयल आली, तिच्यामुळे चीनबाहेरच्या लोकांनाही हा माणूस माहीत झाला. ही नोंद या खलनायकाचा अर्थ फॅन्स कसा कसा लावतात आणि एकच पुस्तक वाचून लोक इतक्या वेगळ्या ठिकाणी का पोचतात याबद्दल आहे, त्यामुळे कथेचा शेवट यात उघड केलेला आहे. ज्यांना आधी वाचायचं असेल त्यांनी इथेच थांबा.

त्याची गोष्ट थोडक्यात सांगायची तर जन्माचं नाव मेंग याओ. आई मेंग शी युनपिंग शहरातल्या कोठ्यावरची, लिहिता-वाचता येणारी बाई. बाप लानलिंगच्या जिन घराण्याचा प्रमुख जिन ग्वांगशान, जो खूण म्हणून एक मोत्याचं बटण देऊन गेला आणि परत कधी फिरकलाच नाही. आई मेल्यावर पोरगा ते बटण घेऊन बापाच्या दारात गेला, नेमका त्या दिवशी सावत्र भाऊ जिन झिश्वानचा वाढदिवस चालू होता, आणि मेंग याओचाही वाढदिवस तोच, पण याला लाथ घालून जिनलिनताई या जिन घराण्याच्या वाड्याच्या लांबलचक पायऱ्यांवरून खाली पाठवलं. मग तो न्ये घराण्याचा प्रमुख न्ये मिंगज्यू याच्या हाताखाली लागला, तिथे वर चढला, पुढे जिन सैन्यात गेल्यावर आपलं श्रेय लाटणाऱ्या वरिष्ठाला त्याने मारलं आणि न्ये मिंगज्यूने ते डोळ्यांनी पाहिलं, मग पळून शत्रूच्या म्हणजे वेन रुओहानच्या गोटात गेला, तिथून गुपचूप बातम्या पुरवल्या आणि शेवटी वेन रुओहानला स्वतः मारून युद्ध संपवलं. त्यानंतर कुठे बापाने त्याला मुलगा म्हणून पदरात घेतलं आणि जिन ग्वांगयाओ हे नाव दिलं. न्ये मिंगज्यू, लान घराण्याचा प्रमुख लान शीचेन आणि तो असे तिघे शपथेचे भाऊ झाले, आणि काही वर्षांनी सगळ्या घराण्यांच्या वरचं सर्वोच्च पद त्याच्याकडे आलं. तिथपर्यंत जाताना त्याने काय काय केलं ते कादंबरीच्या दुसऱ्या अर्ध्यात बाहेर पडतं, म्हणजे शपथेच्या भावाला संगीतातून हळूहळू वेड लावून मारणं आणि त्याच्या देहाचे तुकडे वेगवेगळ्या ठिकाणी लपवणं, बापाला अत्यंत लाजिरवाणं मरण देणं, श्वे यांगसारख्या खुन्याला पाठीशी घालणं, माणसांवर प्रयोग करू देणं, आणि ज्या कोठ्यावर तो वाढला तो कोठा जाळून टाकणं.

आता मुद्द्याची गोष्ट. हे सगळं वाचकाला कळतं कुणाकडून? सगळे वाद इथूनच सुरू होतात आणि माझ्या मते जिन ग्वांगयाओवर बोलताना पहिला प्रश्न हाच विचारला पाहिजे. कथेचा नायक वेई वूश्यान परत जिवंत होण्याआधी तेरा वर्षं मेलेला होता, तेव्हाचं त्याने काहीच पाहिलेलं नाही. मेंग याओच्या तरुणपणाचा मोठा भाग आपल्याला न्ये मिंगज्यूच्या तोडलेल्या डोक्यातल्या आठवणींमधून दिसतो, मृताच्या आठवणीत शिरायची एक विद्या कादंबरीत आहे ती वापरून, म्हणजे साक्ष थेट खून झालेल्या माणसाची. दुसरा भाग येतो तो भर सभेत आणून उभ्या केलेल्या दोन बायकांच्या तोंडून, आणि तिसरा, शेवटच्या देवळातल्या प्रसंगात, खुद्द जिन ग्वांगयाओच्या तोंडून, जो आयुष्यभर खोटं बोलत आला हे तो स्वतःच कबूल करतो. एक दुखावलेला, एक पढवून आणलेला आणि एक खोटारडा, असे तीन साक्षीदार. मधल्या फटी वाचकाला स्वतःच्या समजुतीने बुजवाव्या लागतात आणि मग जो तो आपापलं बुजवतो.

एक प्रसंग मात्र सगळे गट पुढे करतात. मेंग याओ न्ये मिंगज्यूचा सहायक असताना पाहुण्यांना चहा देतो. काही जण कप हातात घेतात पण पीत नाहीत, बाजूला ठेवतात, आणि काही जण पांढराशुभ्र रुमाल काढून जिथे याची बोटं लागली ती जागा घासून पुसतात, त्याच्या समोरच. तो हसरा चेहरा तसाच ठेवून पुढच्याला चहा देतो. लान शीचेन मात्र कप घेतो, हसून आभार मानतो आणि पितो. दोन-चार ओळींचा प्रसंग आहे, पण त्याच्या बाजूने लिहिणारे याच्यावर सगळी इमारत उभी करतात, आणि त्यांचं एक म्हणणं मला पटतं की हा रुमाल आपल्याला त्याच्या शत्रूच्या आठवणीत दिसतो, त्याने स्वतः रडून सांगितलेला नाही, त्यामुळे तो खोटा म्हणता येत नाही.

पहिलं आणि सगळ्यात पसरलेलं वाचन जन्माचं आहे. या जगात तलवार चालवायला लहानपणापासून गुरू लागतो, घराणं लागतं, आणि ज्याला ते नाही त्याने कितीही डोकं चालवलं तरी तो मागेच. मेंग याओकडे होती ती एकदा पाहिलेलं नाव आणि चेहरा न विसरणारी स्मरणशक्ती, गोड बोलणं आणि सगळं सहन करायची तयारी. आपल्याकडच्या वाचकाला इथे पटकन कर्ण आठवतो, पण कर्णाला आपला जन्म उशिरा कळला आणि याला पहिल्या दिवसापासून बाप कोण ते माहीत होतं, किंबहुना त्या बापानेच आपल्याला आपलं म्हणावं हीच त्याची भूक होती, म्हणून ती तुलना थोड्या अंतरापर्यंतच जाते. बापाने दारूच्या नशेत सांगितलेलं कारण तर फॅन्स विसरूच शकत नाहीत, की मेंग शीला सोडवून आणली नाही कारण शिकलेल्या बायका डोक्याला ताप असतात. सोडवायचे पैसे नव्हते असं अजिबात नाही.

या वाचनाला जोडून सत्तेत आल्यावर त्याने काय केलं हेही मांडलं जातं. दूरदूरच्या गावांत, जिथे कुठलंच मोठं घराणं मदतीला जात नव्हतं, तिथे त्याने हजाराहून जास्त टेहळणी मनोरे बांधायला लावले आणि त्यासाठी इतर घराण्यांचे पैसे आणि माणसं ओढून आणली, लोकांनी त्याला खूप शिव्या घातल्या तरी. सू शे नावाचा मामुली माणूस त्याच्यासाठी शेवटपर्यंत जीव टाकतो, का, तर याने त्याचं नाव लक्षात ठेवलं होतं. म्हणजे हा माणूस खालून आलेला आहे आणि खालच्यांना विसरलेला नाही, असं हे वाचन म्हणतं.

दुसरं वाचन आरशाचं. वेई वूश्यानला पहिल्या जन्मात सगळ्या जगाने राक्षस ठरवलं, ऐकीव गोष्टींवर, आणि जिन ग्वांगयाओची प्रकरणं बाहेर पडतात तेव्हा तीच गर्दी, तीच वाक्यं, काल ज्याच्या पुढे वाकत होते त्याच्यावर आज थुंकायला तयार, आणि खुद्द वेई वूश्यानला ते जाणवतं. या वाचनाचे लोक म्हणतात की लेखिकेने हे दोघं मुद्दाम समोरासमोर ठेवलेत, दोघेही चारचौघांत हलक्या जन्माचे ठरवलेले, दोघांनाही गर्दीने संपवलं. हे वाचन मला सगळ्यात भक्कम वाटतं, एका अटीवर. गर्दी खोटी आहे म्हणून आरोपही खोटे असं होत नाही. वेई वूश्यानवरचे बरेचसे आरोप खोटे निघतात, जिन ग्वांगयाओवरचे बहुतेक खरे.

आणि इथेच त्याच्या विरोधातले फॅन्स हिशोब काढतात. चिनी नेटवर एक शब्द खूप चालतो, शीबाय, म्हणजे पात्राला धुऊन पांढरं करणं, आणि याच्या चाहत्यांवर हा आरोप नेहमीचा आहे. चेहरा सुंदर दिसला की लोकांची नीती चेहऱ्याच्या मागे पळते असंही तिकडे म्हणतात. विरोधकांची यादी लांब आहे. बाप, शपथेचा भाऊ, बायको, मुलगा, गुरू, मित्र, या प्रत्येक नात्यात त्याच्या हाताला रक्त लागलंय, आणि ज्या समाजात ही नातीच माणसाचं सगळं माप ठरवतात तिथे याहून मोठा गुन्हा नाही. पुतण्या जिन लिंगला कुत्रा कुणी दिला, तर यानेच, आणि देवळात त्याच पुतण्याच्या गळ्याला वाद्याची तार कुणी लावली, तर तीही यानेच. जिन लिंगला नंतर काकाचा राग आणि काकाची आठवण दोन्ही एकदम येतात आणि काय करावं ते कळत नाही, हा भाग वाचताना दोन्ही गटांचे लोक गप्प होतात.

चिन सूबद्दल मला जरा जास्त लिहायचंय कारण तिच्याकडे फार कमी लोक बघतात. ती त्याची बायको, त्याच्यावर मनापासून प्रेम करणारी, आणि नंतर निघतं की जिन ग्वांगशाननेच तिच्या आईवर बळजबरी केली होती, म्हणजे ती त्याची सावत्र बहीण. त्याला हे लग्नाच्या आधी कळलं होतं. तोवर तिला दिवस गेले होते, लग्न मोडलं तर बापाच्या विश्वासू माणसाशी, म्हणजे तिला वाढवणाऱ्या वडिलांशी, वैर आणि सगळीकडे बोभाटा, म्हणून तो गप्प राहिला आणि तिलाही अंधारात ठेवलं. मुलगा लहानपणीच गेला, तो कसा गेला यावर फॅन्समध्ये अजून एकमत नाही. पुढे एका पत्रातून तिला सगळं समजलं आणि तिने खंजीर खुपसून घेतला. त्याच्या बाजूचे म्हणतात की तो अडकला होता, बाहेर पडायला वाट नव्हती. विरोधक म्हणतात तिला सांगणं ही वाट होती की. पण दोन्हीकडचे लोक चिन सूला पुरावा म्हणून वापरतात, माणूस म्हणून फार थोडे बघतात, आणि जे कुणी फॅनफिकमध्ये, म्हणजे फॅन्सनी या पात्रांवर लिहिलेल्या कथांमध्ये, तिच्या बाजूने लिहितात, ती पत्र वाचून घर सोडून जाते, नाहीतर आधीच सगळं ऐकते आणि स्वतः ठरवते, त्यांचं लेखन मला या अख्ख्या फॅन-मंडळींमधलं सगळ्यात प्रामाणिक वाटतं. ज्या वाचनात रुमालही मावतो आणि चिन सूही मावते तेच वाचन पुरं, बाकीची अर्धीच आहेत.

'द अनटेम्ड'मुळे गोंधळ वाढला. सिरीयलमध्ये नायकाला स्वच्छ ठेवायचं म्हणून काही मोठ्या दुर्घटनांमागे जिन ग्वांगयाओच्या माणसांचा हात दाखवला, म्हणजे कादंबरीपेक्षा त्याचा गुन्हा वाढला. आणि दुसरीकडे जू झानजिन या नटाने तो असा काही केला, खळी पडणारं हसू, क्षणभर दुखावलेले आणि लगेच सावरलेले डोळे, की गुन्हा वाढूनही त्याच्यावर जीव टाकणारे वाढले. सिरीयलमधला मेंग याओ फार आधी भेटतो, न्ये घराण्याकडून भेटवस्तू घेऊन आलेला, लोक कुजबुजतायत आणि लान शीचेन त्याला आदराने वागवतोय, म्हणून सिरीयल पाहिलेल्यांची पहिली ओळख त्याच्या अपमानाशी होते. कादंबरी वाचणाऱ्यांची पहिली ओळख सोनेरी कपड्यातल्या, मऊ बोलणाऱ्या सत्ताधाऱ्याशी होते. त्यामुळे वाद घालणाऱ्याने नक्की काय पाहिलंय किंवा वाचलंय हे आधी विचारून घ्यावं, निम्मे वाद तिथेच संपतात.

फॅनफिकमध्ये दोन वाटा आहेत. एक लान शीचेनबरोबरच्या नात्याची, जी चिनी फॅन्समध्ये शीयाओ नावाने चालते, आणि एक दुरुस्तीची, म्हणजे काळात मागे जाऊन एक गोष्ट बदलायची. बहुतेक लोक पायऱ्याच बदलतात, लाथ मारायच्या आधी कुणीतरी त्या पोराचा हात धरतं. यातलं बरंच लेखन ए-ओ-थ्री या फॅनफिकच्या ऑनलाइन संग्रहावर होतं. फेब्रुवारी २०२० मध्ये सिरीयलमधल्या वेई वूश्यानची भूमिका करणाऱ्या श्याओ झानच्या काही चाहत्यांनी वेगळ्याच एका कथेवरून तक्रारी केल्या आणि त्यानंतर ती साइट चीनमध्ये बंद झाली, त्याचा फटका या पात्रावर लिहिणाऱ्या चिनी लोकांनाही बसला. त्याच लेखिकेची पहिली कादंबरी तर एका वाचकाबद्दलच आहे, जो पुस्तकाला शिव्या घालता घालता मरतो आणि त्यातल्या खलनायकाच्या शरीरात जागा होतो. खलनायकाला आतून बघायची या वाचकांची सवय तिथपासूनची आहे.

राहिला शेवटचा प्रसंग. ज्या जागी कोठा होता तिथे जिन ग्वांगयाओने ग्वानयिनचं देऊळ बांधलंय आणि मूर्तीला चेहरा आईचा दिलाय. तिथे, जिन ग्वांगयाओ जखमी असताना, न्ये मिंगज्यूचा धाकटा भाऊ न्ये ह्वाईसांग एकदम ओरडतो की मागे सावध राहा, आणि लान शीचेन वळून जिन ग्वांगयाओला तलवार खुपसतो. जिन ग्वांगयाओ खरंच हल्ला करत होता का? ह्वाईसांग म्हणतो आपण हलताना पाहिलं, मग विचारल्यावर म्हणतो कदाचित चुकलं असेल. लेखिका सांगत नाही. हाच ह्वाईसांग भावाच्या खुनाचा बदला घ्यायला वर्षानुवर्षं जाळं विणत होता असं सगळं सुचवलं जातं पण तो एकदाही कबूल करत नाही, त्यामुळे त्या ओरडण्यावर पानंच्या पानं लिहिली गेलीत. मग जिन ग्वांगयाओ लान शीचेनला म्हणतो की जगातलं प्रत्येक वाईट काम मी केलं पण तुला इजा करायचं कधी मनात आणलं नाही, आणि न्ये मिंगज्यूचं चालतं झालेलं प्रेत त्याच्यावर येतं तेव्हा लान शीचेनला आधी आपल्याबरोबर ओढतो, आणि अगदी शेवटी ढकलून देतो. एक गट म्हणतो हे प्रेम, दुसरा म्हणतो हा शेवटचा डाव, लान शीचेनने जन्मभर कुढत राहावं म्हणून. मला वाटतं तो त्या क्षणी हल्ला करत नव्हता, कारण हल्ला करून मिळण्यासारखं काही उरलंच नव्हतं आणि फायदा नसताना हा माणूस हात उचलत नाही हे सगळी कादंबरी दाखवत आलीय. पण का ढकललं, याचं उत्तर त्याच्या स्वभावावरून काढता येत नाही, कारण तेवढ्या एका ठिकाणी तो फायद्याचा विचार न करता वागला.