शांतता आणि संघर्ष-निराकरण : पदव्युत्तर अभ्यास

संघर्षाची कारणे, त्याचे टप्पे आणि तो मिटविण्याचे मार्ग यांचा राज्यशास्त्र, समाजशास्त्र, कायदा व मानसशास्त्र यांच्या आधाराने होणारा अभ्यास. अनेक ठिकाणी तो पदवीनंतर स्वतंत्रपणे घेता येतो.

या शाखेचा आरंभ कोठे धरावा यावर एकमत नाही. अमेरिकेतील इंडियाना राज्यातल्या मँचेस्टर कॉलेजात १९४८ मध्ये सुरू झालेला अभ्यासक्रम सर्वसाधारणपणे पहिला मानतात. तो पदवी स्तरावरचा होता आणि त्यामागे एका शांततावादी ख्रिस्ती पंथाची प्रेरणा होती. संशोधनशाखा म्हणून विचार केल्यास नॉर्वेजियन समाजशास्त्रज्ञ योहान गाल्टुंग यांनी १९५९ मध्ये ऑस्लो येथे उभारलेली संस्था आणि १९६४ मध्ये तेथून निघू लागलेले नियतकालिक येथून आरंभ धरणे अधिक सयुक्तिक वाटते. काही अभ्यासक तो क्विन्सी राइट यांच्या १९४२ मधील युद्धविषयक ग्रंथापर्यंत मागे नेतात. पण राइट यांचा विषय युद्ध हा होता, शांतता नव्हे. विद्यापीठीय अध्यासने व विभाग मात्र नंतरचे : उप्साला (१९७१), ब्रॅडफर्ड (१९७३). गांधीविचार या शाखेला मागाहून जोडला गेला, असेही एक मत आहे. ते फारसे टिकत नाही. कारण गाल्टुंग यांनी तत्त्वज्ञ आर्ने नेस यांच्यासह गांधींच्या राजकीय नीतिविचारावर १९५५ मध्येच लिहिले होते. युद्धाचा अभाव म्हणजे ‘नकारात्मक’ शांतता आणि अन्यायाचा अभाव म्हणजे ‘सकारात्मक’ शांतता हा गाल्टुंग यांचा भेद, तसेच १९६९ मध्ये त्यांनी मांडलेली ‘संरचनात्मक हिंसा’ (समाजरचनेतूनच होणारी हानी) ही संकल्पना आजही अभ्यासक्रमांच्या मुळाशी आहे.

मराठी परिभाषा अजून स्थिरावलेली नाही. ‘शमन’ म्हणजे भडका आवरणे, ‘निराकरण’ म्हणजे वादाचा निकाल लावणे, तर ‘परिवर्तन’ म्हणजे वाद ज्या संबंधांतून उपजतो ते संबंधच पालटणे. ‘तंटा’ हा बोलीतला शब्द जवळचा असला, तरी त्यात बांध, वाट, भाऊबंदकी एवढेच येते. प्रस्तुत नोंदीत रूढ म्हणून ‘निराकरण’ वापरले आहे.

अध्यापनात वाटाघाटी, मध्यस्थी, संघर्षाचे आलेखन, क्षेत्रकार्य व प्रबंधिका यांचा समावेश असतो. भारतात वाराणसीचे मालवीय शांतता संशोधन केंद्र (१९९८) आणि दिल्लीच्या जामिया मिल्लिया इस्लामियातील नेल्सन मंडेला केंद्र (२००४) ही प्रमुख केंद्रे होत. वर्ध्याच्या हिंदी विश्वविद्यालयात शांतता अध्ययनाचा विभाग आहे.

  अभ्यासक्षेत्र म्हणून गोव्याचे महत्त्व मोठे आहे. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात वेगळ्या संघप्रदेशाच्या, म्हणजे केंद्रशासित प्रदेशाच्या, बाजूने (चिन्ह दोन पाने) १,७२,१९१, तर महाराष्ट्रातील विलीनीकरणाच्या बाजूने (चिन्ह फूल) १,३८,१७० मते पडली. मतपेटीतून झालेल्या निराकरणाचे उदाहरण म्हणून याचा उल्लेख होतो. तथापि कोंकणी की मराठी हा भाषेचा प्रश्न त्यातून सुटला नाही. डिसेंबर १९८६ मध्ये आंदोलनाला हिंसक वळण लागून जीवितहानी झाली. पुढे १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोंकणीला राजभाषेचा दर्जा दिला आणि शासकीय कामकाजात मराठीच्या वापराची मुभा ठेवली. ही तडजोड की निराकरण, हे मत मांडणारा कोणत्या बाजूचा यावर ठरते. रोमी (रोमन) लिपीतील कोंकणीचे आग्रही तर दोन्ही शब्द नाकारतात.

‘कौल’ हा शब्द गोव्यात जुना आहे. गावचा पेच सुटेना की गावकर देवाला कौल लावतात, आणि मिळालेला प्रसाद दोन्ही पक्षांना बांधील असतो. जत्रेतील मानपान व महाजनांचे (देवस्थानाच्या सभासदांचे) हक्क यांवरचे वाद मात्र देवस्थान नियमावलीखाली प्रशासक या नात्याने मामलेदारापुढे जातात. एकाच गावातील वादांना देव आणि सरकार अशी दोन दारे असण्याची ही स्थिती मध्यस्थीच्या अभ्यासकाला विशेष उपयुक्त आहे.

आंतरराज्य वादांत म्हादई नदीच्या पाण्याचे उदाहरण ठळक. २०१० मध्ये नेमलेल्या लवादाने १४ ऑगस्ट २०१८ रोजी गोव्याला २४, कर्नाटकाला १३.४२ व महाराष्ट्राला १.३३ टीएमसी पाणी दिले. निवाड्याविरुद्ध राज्ये सर्वोच्च न्यायालयात गेली.

गावकारी, म्हणजेच कोमुनिदाद (गावाची सामाईक जमीन सांभाळणारी गोव्यातील संस्था), हिच्या अंतर्गत वादांवर पदव्युत्तर स्तरावर काम करायचे झाल्यास पोर्तुगीज अधिकारी आफोंसो मेशिया यांच्या १५२६ च्या सनदेपासून सुरुवात करावी लागते. त्यासाठी पोर्तुगीज यायला हवी. देवस्थानांच्या जुन्या कागदांना मोडीही.