फ्लोरिन का बुडाले? इंग्लंडच्या ठोकीव सुवर्णनाण्यांची पार्श्वभूमी

इंग्लंडचा व्यवहार शतकानुशतके चांदीच्या पेनीवर चालला. १२५७ मध्ये शुद्ध सोन्याची पेनी हातोड्याने ठोकून पाडली गेली, दर २० पेन्स, म्हणजे चांदीच्या २० पेनी. लंडनकरांनी नाक मुरडले आणि ती मागे पडली. खरा वाद १३४४ चा.

त्या जानेवारीत फ्लोरिन हे सात ग्रॅमचे सोन्याचे नाणे निघाले आणि त्याची किंमत ठरली ६ शिलिंग (एक शिलिंग म्हणजे १२ पेन्स). हा दर म्हणजे ‘हिशेबातली चूक’ होती, असे बऱ्याच ठिकाणी लिहिलेले असते. ते जरा भाबडे वाटते. या दराने सोने चांदीच्या साडेतेरा पट धरले जात होते आणि इतके मोजायला बाजार राजी नव्हता. दुसरीकडे फ्रान्सशी झालेल्या युद्धाने तिजोरी कोरडी आणि टांकसाळीतून पडणाऱ्या नाण्यांत राजाचा वाटा ठरलेला. चांदी देऊन फ्लोरिन घेणारा तोट्यात जाणार, हे सराफाच्या पोरालाही कळले असते.

ऑगस्टमध्ये फ्लोरिन रद्द झाले. त्याजागी आलेले नोबल सुमारे नऊ ग्रॅमचे, किंमत ६ शिलिंग ८ पेन्स. म्हणजे दर शिलिंगमागे सातवा हिस्सा सोने जास्त.

पण १३५१ मध्ये नोबल ७.८ ग्रॅमवर आले, तेव्हा शिलिंगमागचे सोने नेमके फ्लोरिनइतकेच उरले! तरी नोबल टिकले, कारण पेनीतली चांदीही घटवली होती आणि सोन्याचा दर चांदीच्या बारा पटीवर बसला. नाणी यापुढे हलकी करणार नाही, असे वचन पुढच्याच वर्षी कायद्यात आले. तरीही १४१२ मध्ये नोबल सात ग्रॅमचे झाले. रद्द फ्लोरिनचेच वजन, किंमत मात्र ८ पेन्स जास्त.

१४६५ मध्ये १० शिलिंगांचे रायल आणि ६ शिलिंग ८ पेन्सांचे एंजल आले, १४८९ मध्ये २० शिलिंगांचे सॉव्हरिन. हातोड्याने नाणी ठोकणे १६६२ मध्ये थांबले.

आता चर्चा असते ती लिलावांची. १३४४ चे एक फ्लोरिन २००६ मध्ये ४,६०,००० पौंडांना गेले. डेव्हनमधल्या शेतात २०२१ मध्ये सापडलेली १२५७ ची पेनी पुढच्या जानेवारीत शुल्कासह ६,४८,००० पौंडांना विकली गेली. एकटे सापडलेले नाणे तिथल्या १९९६ च्या कायद्यानुसार सहसा ‘खजिना’ (ज्यावर सरकारचा हक्क असतो) ठरत नाही, म्हणून शोधणाऱ्याला ते स्वतः विकता आले.