चार वाजताचा बार्नाबास: 'डार्क शॅडोज' का बंद पडली आणि आठवणीत कशी उरली

२ एप्रिल १९७१, शुक्रवार. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर दुपारचे चार. 'डार्क शॅडोज' या रोज दुपारी लागणाऱ्या भयमालिकेचा शेवटचा भाग लागला तेव्हा त्यात तिचा रक्त पिणारा, शापित नायक बार्नाबास कॉलिन्स नव्हताच. ज्याच्यासाठी शाळकरी मुलांची एक अख्खी पिढी चार वर्षं टीव्हीपुढे बसली, तो त्याआधी दोन महिने, जानेवारीच्या अखेरीस, गोष्टीतून निघून गेला होता. त्याचं काम करणारा नट पडद्यावर होता, पण १८४१ सालच्या एका समांतर जगात, बार्नाबासच्या मुलाच्या भूमिकेत. त्या जगात बार्नाबासला कधी शाप लागलाच नव्हता. शेवटी एका मुलीच्या मानेवर चाव्याच्या खुणा सापडतात, घरातली माणसं घाबरतात आणि निवेदकाचा आवाज सांगतो की हा जनावराचा चावा होता, बाकी काही नाही. पुढे कोणाचं काय झालं हेही त्याच आवाजात उरकलं जातं. सोमवारी, ५ तारखेला, त्या जागी शब्द ओळखण्याचा खेळ सुरू झाला.

जुन्या चाहत्यांचं बोलणं कुठूनही सुरू झालं तरी फिरून या शेवटाशी येतं. त्यामुळे या टिपणाचा बराचसा भागही तिथेच खर्ची पडणार आहे.

गॉथिक कादंबरीचा अठराव्या शतकापासूनचा इतिहास इथे उगाळत नाही. मालिकेचं जवळचं मूळ १९६०च्या दशकात अमेरिकेत खपणाऱ्या स्वस्त पॉकेटबुकांमध्ये आहे. त्यांचं मुखपृष्ठ ठरलेलं असे: मागे कड्यावरचा वाडा, त्याच्या एकाच खिडकीत दिवा आणि वाड्याकडे पाठ करून पळणारी, पायघोळ झग्यातली तरुणी. २७ जून १९६६ रोजी सुरू झालेल्या मालिकेने हेच चित्र उचललं. आगगाडीतून एकटी निघालेली मुलगी आपल्याला स्वप्नात दिसली, असं निर्माता सांगत असे. पहिल्या भागात तीच मुलगी, व्हिक्टोरिया विंटर्स, मेन राज्यातल्या कॉलिन्सपोर्ट या काल्पनिक बंदरगावात उतरते, श्रीमंत पण पडझडीला आलेल्या घराण्यात गव्हर्नेस, म्हणजे मुलाला घरी शिकवणारी बाई, म्हणून. वाड्याचं बाहेरचं दर्शन ऱ्होड आयलंडमधल्या न्यूपोर्टच्या एका खऱ्या हवेलीचं होतं. आतलं सगळं मॅनहॅटनच्या स्टुडिओत उभं केलेलं.

पहिले दहा महिने प्रेक्षक बेताचेच होते. आधी एक भूत आलं, मग आगीतून पुन्हा पुन्हा जन्म घेणारी बाई आली. एप्रिल १९६७ मध्ये दागिन्यांच्या आशेने विली लूमिस नावाच्या माणसाने कॉलिन्स घराण्याच्या दफनघरातली, साखळ्यांनी जखडलेली शवपेटी उघडली. २१०व्या भागाच्या शेवटी पेटीतून फक्त एक हात बाहेर येतो आणि विलीचा गळा धरतो. पुढच्या भागात वाड्याच्या दारात एक पाहुणा उभा आहे: अंगावर केप, हातात लांडग्याच्या मुठीची काठी, आणि सांगतो काय, तर मी इंग्लंडहून आलेला तुमचा चुलतभाऊ. पात्र थोड्या आठवड्यांपुरतं आणलं होतं. कॅनडातून आलेला, शेक्सपिअरच्या नाटकांत तयार झालेला तो नट मग चार वर्षं राहिला.

इथे एक शब्द अडतो. मराठीत आपण अशा पात्राला सरसकट पिशाच्च म्हणून मोकळे होतो. पण पिशाच्च म्हटलं की देह नसलेलं, पिंपळाला नाहीतर विहिरीला धरून असलेलं काहीतरी डोळ्यांपुढे येतं. बार्नाबासला देह आहे, भूक आहे आणि त्या भुकेची शरमही आहे. त्यामुळे व्हँपायर हाच शब्द बरा. मालिकेत मात्र कित्येक महिने हा शब्द कोणी उच्चारतच नाही. नोव्हेंबर १९६७ मध्ये मृतात्म्यांना बोलावण्याच्या एका बैठकीतून गोष्ट थेट १७९५ सालात जाते, अँजेलिक या चेटकिणीने त्याला शाप का दिला हे उलगडतं आणि ज्याची भीती वाटायची त्याच्याबद्दल मुलांना कळवळा वाटू लागतो. माझ्या मते मालिकेचं सगळ्यात मोठं काम हेच.

"शाळेतून धावत घरी यायचो." हे वाक्य इतक्या जणांच्या तोंडी आहे की त्या पिढीची ती ओळखच होऊन बसली. त्यामागे वेळापत्रक आहे. मालिका चारला सुरू झाली, १९६७च्या एप्रिलमध्ये साडेतीनला आली आणि जुलै १९६८ मध्ये पुन्हा चारला गेली. म्हणजे बार्नाबास आला नेमका त्याच महिन्यात ती अर्धा तास अलीकडे सरकली होती. शाळा सुटून घरी पोचायला वेळ लागला की पहिली दहा मिनिटं गेली, आणि गेलेली दहा मिनिटं पुन्हा बघायची कसलीही सोय तेव्हा घरात नव्हती. विलीने पेटी उघडली ते आपण पाहिलं की दुसऱ्या दिवशी वर्गात ऐकलं, याबद्दल आठवणी गोंधळतात त्याचं कारण मला या अर्ध्या तासात दिसतं.

चित्रीकरण टेपवर होई, पण नाटकासारखं सलग. टेप कापून जोडणं महागात पडे, त्यामुळे चूक झाली तरी प्रसंग पुढे रेटायचा. भिंतीवर माइकची सावली पडते, दगडी म्हणून उभी केलेली भिंत हलते, नटाचे डोळे संवादाच्या पाटीकडे वळतात, गंभीर प्रसंगात नाकावर माशी बसते आणि नट तसाच बोलत राहतो. चाहते या चुका फार जिव्हाळ्याने आठवतात, आणि ते रास्तच आहे. आठवड्याचे पाच दिवस, दर दिवशी नवी संहिता पाठ करून उभी राहणारी ती माणसं होती. स्टुडिओच्या दाराशी, पश्चिम ५४व्या रस्त्यावर, सही घ्यायला मुलं ताटकळत उभी असायची.

आता मुख्य वादाकडे. मालिका बंद का केली?

सगळ्यात जास्त ऐकू येणारं उत्तर प्रेक्षक घटल्याचं आहे, आणि ते खोटं नाही. १९६९ मध्ये गोष्ट १८९७ सालात होती, त्याच घराण्यातला क्वेंटिन कॉलिन्स आला होता, त्याच्या नावाची धून त्या वर्षी रेकॉर्डच्या खपाच्या याद्यांत वर चढली होती. ते शिखर. त्या वर्षाच्या अखेरीस सुरू झालेलं लेव्हायथनचं कथानक, म्हणजे माणसाच्याही आधीच्या प्राचीन शक्तींचं, लोकांना रुचलं नाही. बार्नाबास दुसऱ्याच कोणाच्या हुकमात वागताना बघणं मुलांना नको होतं. मग १९७०च्या वसंतात मालिकेतल्या मंडळींना घेऊन चित्रपट काढला गेला. दिवसा मालिका आणि चित्रपट दोन्ही कसं जमणार? म्हणून बार्नाबासला मालिकेत कित्येक आठवडे शवपेटीत डांबून ठेवलं. ज्याच्यासाठी घरी धावत यायचं तोच पेटीत बंद. चित्रपट मालिकेपेक्षा बराच रक्तरंजित निघाला आणि त्यात बार्नाबासची करुण बाजू मागे पडली. अनेक चाहते घसरणीचा दोष त्यालाच देतात.

पण नुसत्या घटत्या आकड्यांवर बोट ठेवलं की हिशेबाची दुसरी बाजू झाकली जाते. दुपारच्या मालिकांना सोप ऑपेरा म्हणतात ते साबणवाल्या प्रायोजकांमुळे. दुपारी घरात असलेली, साबण आणि घरचं सामान विकत घेणारी बाई हा त्या वेळेचा ग्राहक. 'डार्क शॅडोज'पुढे बसलेली होती दहा-बारा वर्षांची मुलं आणि वसतिगृहातले कॉलेज विद्यार्थी. डोकी भरपूर, पण त्यातली थोडीच कपड्यांचा साबण विकत घेणारी. त्यात २ जानेवारी १९७१ पासून अमेरिकेत रेडिओ-टीव्हीवर सिगारेटच्या जाहिरातींना बंदी आली आणि सगळ्याच वाहिन्यांच्या उत्पन्नाला मोठं भगदाड पडलं. वेगवेगळ्या शतकांतले पोशाख, थडगी, गुप्त खोल्या, सतत बदलणारं नेपथ्य, हे सगळं रोज उभं करायला लागणारा पैसा आणि दोन टेबलं मांडून चालणारा शब्दखेळ यांची तुलना झाली तर काय होणार हे उघड होतं. तीन महिन्यांत मालिका गेली.

तिसरी गोष्ट चाहत्यांना ऐकायला आवडत नाही. निर्मातादेखील थकला होता. नवीन काही सुचत नव्हतं आणि हे संपलं तर बरं, असं वाटू लागलं होतं, हे त्याने पुढे स्वतः कबूल केलं. सुळे लावून कंटाळलेल्या नटालाही दुसरी भूमिका हवी होती. म्हणूनच तो १८४१च्या त्या समांतर जगात बार्नाबासचा मुलगा म्हणून दिसतो.

आठवणीत गुंता होतो तो नेमका इथे. "वाहिनीने बार्नाबासला संपवलं" असं जुने चाहते तळमळून सांगतात. घटनाक्रम पाहिला तर बार्नाबास आधी गेला, मालिका नंतर गेली, आणि दोन्हींची कारणं वेगळी होती. दोन दुःखं एकमेकांत मिसळून एक झाली. माझा कल तरीही चाहत्यांकडे आहे. मालिका बंद करणं हा पैशाचा निर्णय म्हणून समजू शकतो. पण चार वर्षं दर दुपारी आलेल्या मुलांना त्यांच्या माणसाचा निरोप न घेता घरी पाठवणं चुकलंच. शेवटच्या आठवड्यात त्याला एकदा तरी परत आणायला हवं होतं.

मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ला, म्हणजे ही मालिका संपल्यावर दीड वर्षाने. टीव्ही असलेल्या अमेरिकेतही कार्यक्रम एकदा लागून गेला की गेला. व्हिडिओ रेकॉर्डर घरोघरी यायला अजून बराच अवकाश होता. मग उरलं काय? १९६६ ते १९७२ या काळात निघालेल्या ३२ पॉकेटबुक कादंबऱ्या. १९६९ला सुरू झालेलं कॉमिक, जे मालिका संपल्यावरही पाच वर्षं, १९७६पर्यंत, निघत राहिलं. च्युइंगगमबरोबर मिळणारे चित्रांचे पत्ते. आणि काही घरांमध्ये टीव्हीच्या स्पीकरपुढे टेपरेकॉर्डर धरून केलेलं ध्वनिमुद्रण. चित्र डोळ्यांत, आवाज टेपवर. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर चाहत्यांची हाताने छापलेली अंकपत्रं निघू लागली, मग मेळावे भरू लागले आणि १९८३पासून त्यांतला एक दर वर्षीचा झाला. बंद पडलेल्या दुपारच्या मालिकेसाठी इतकी वर्षं एकत्र जमणारी मंडळी त्या देशातही विरळाच.

त्या काळी वाहिन्या महाग टेप पुसून पुन्हा वापरत, त्यामुळे दुपारच्या बहुतेक जुन्या मालिका नाहीशा झाल्या. ही जवळजवळ संपूर्ण टिकली, काही भाग फक्त कृष्णधवल फिल्मप्रतीत का होईना. किती भाग, यावर चाहत्यांत नेहमी वाद होतो. शेवटच्या भागाचा क्रमांक १२४५, आणि प्रत्यक्ष भाग १२२५. सुट्ट्यांमुळे किंवा मोठ्या बातमीमुळे प्रक्षेपण हुकलं की क्रमांक गाळले जात, म्हणजे शुक्रवारच्या भागाचा आकडा पाचाच्या पाढ्यात बसे. २४९ आठवडे गुणिले पाच, बरोबर १२४५. हा हिशेब माहीत नसलेला माणूस वीस भाग हरवले समजून हळहळतो.

पुढच्या पिढीची आठवण मुळातच वेगळी घडली. व्हिडिओ कॅसेट आणि नंतर डीव्हीडी निघाल्या त्या २१०व्या भागापासून. त्या प्रेक्षकांसाठी मालिका सुरू होते ती शवपेटीतून येणाऱ्या हाताने. आगगाडीतली मुलगी, पहिले दहा महिने, व्हिक्टोरियाचा सगळा शोध हा त्यांच्या लेखी नंतर मिळालेला पूर्वार्ध आहे. ज्यांनी १९६६च्या उन्हाळ्यात सुरुवात केली त्यांना हे खटकतं, कारण त्यांच्या दृष्टीने मालिका त्या मुलीची होती.

१९९१च्या जानेवारीत रात्रीच्या वेळेला नव्या नटांसह मालिका पुन्हा आली. त्याच आठवड्यात आखाती युद्ध पेटलं, बातम्यांनी वेळापत्रक विस्कटलं आणि मार्चमध्ये १२ भागांनंतर, गोष्ट अर्ध्यावर असताना, ती बंद झाली. जुन्या मंडळींना १९७१ दुसऱ्यांदा भोगावं लागलं. २०१२चा हॉलीवूड चित्रपट बार्नाबासला विनोदी अंगाने दाखवतो आणि ते पुष्कळांच्या मनाला लागलं. मूळ बार्नाबास आणि आणखी तीन जुने कलाकार त्यात मेजवानीच्या प्रसंगात क्षणभर पाहुणे म्हणून दिसतात. चित्रपट मे महिन्यात लागला, बार्नाबास साकारणारा तो कॅनेडियन नट त्याआधीच, एप्रिलमध्ये, वारला होता. त्याच वर्षी संपूर्ण मालिका १३१ डिस्कांत, शवपेटीच्या आकाराच्या खोक्यात निघाली.

त्या खोक्यात एक भाग चित्राशिवाय आहे. १२१९वा, फेब्रुवारी १९७१मधला. त्याची टेप हरवली, फिल्मप्रतही नाही. तेव्हा घरी टीव्हीपुढे टेपरेकॉर्डर धरून केलेलं ध्वनिमुद्रण मिळालं आणि त्यावर इतर भागांतली स्थिरचित्रं लावून तो जुळवला. पडद्यावर चेहरे हलत नाहीत. संवाद मात्र १९७१च्या त्या दुपारी एका घरात जसे ऐकू आले तसेच आहेत.