इस्रायली व पॅलेस्टिनी स्थलांतरित समुदाय : आर्थिक-सामाजिक तुलना

इस्रायल आणि पॅलेस्टाइन या भूभागांतून बाहेर पडून इतर देशांत वसलेल्या समुदायांचे शिक्षण, व्यवसाय, उत्पन्न, नागरिकत्व आणि सार्वजनिक जीवनातील स्थान यांची तुलना. स्थलांतराच्या अभ्यासकांना या जोडीचे आकर्षण वाटते, कारण दोन्ही समुदाय एकाच चिंचोळ्या प्रदेशातून निघालेले आणि अनेकदा एकाच शहरात येऊन राहिलेले. ढोबळ चित्र सर्वांना ठाऊक असते : इस्रायली स्थलांतरित सरासरीने अधिक शिकलेले व अधिक मिळवते, तर पॅलेस्टिनी निर्वासित म्हणून ओळखले जाणारे. मात्र सँटियागोतील कापडगिरण्यांचे व बँकांचे मालक पॅलेस्टिनी आणि बैरूतच्या शातिला छावणीतले रहिवासीही पॅलेस्टिनीच. या दोघांमधले अंतर कोणत्याही इस्रायली-पॅलेस्टिनी सरासरीतल्या अंतराहून मोठे आहे. त्यामुळे कोण कधी निघाले, कोणत्या कागदावर निघाले आणि पोहोचल्यावर त्यांना काय करू दिले गेले, हे पाहिल्याशिवाय या तुलनेतून फारसे काही हाती लागत नाही.

मोजणीची अडचण

तुलनेची पहिली अडचण आकड्यांतच आहे. बहुतेक देशांची जनगणना जन्मस्थान किंवा नागरिकत्व विचारते. नाझरेथ किंवा हैफा येथे 1948 नंतर जन्मलेला अरब माणूस अमेरिकेत गेला, की तो ‘इस्रायलमध्ये जन्मलेला’ या रकान्यात पडतो. अम्मानमध्ये जन्मलेला निर्वासिताचा मुलगा जॉर्डनच्या खात्यावर जातो, कुवेतमध्ये जन्मलेली त्याची बहीण कुवेतच्या. जर्मनीत अनेक पॅलेस्टिनींची नोंद ‘राज्यविहीन’ (कोणत्याच देशाचे नागरिकत्व नसलेले) किंवा ‘नागरिकत्व अनिश्चित’ अशी होत आली आहे. इस्रायली बाजूलाही गुंता आहेच. तेल अवीवहून बर्लिनला गेलेली व्यक्ती आजोबांच्या नावावर मिळालेल्या जर्मन किंवा पोलिश पासपोर्टवर उतरली, तर ती परदेशी म्हणून मोजलीच जाईल असे नाही. शिवाय इस्रायल सोडणाऱ्यांत पूर्वीच्या सोव्हिएत संघातून तेथे आलेले आणि काही वर्षांनी पुढे निघालेले लोकही बरेच असतात.

समाजशास्त्रज्ञ यिनॉन कोहेन व अँड्रिया टायरी यांनी 1994 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ही गाठ सोडवण्याचा प्रयत्न केला. त्यांनी 1980 च्या अमेरिकी जनगणनेच्या नमुन्यातील वंश व भाषेविषयीच्या उत्तरांवरून इस्रायलमध्ये जन्मलेल्यांतील ज्यू आणि अरब वेगळे काढले, तेव्हा या गटात सुमारे 30 टक्के पॅलेस्टिनी अरब निघाले. ‘अमेरिकेतील इस्रायली’ म्हणून सांगितल्या जाणाऱ्या सरासऱ्यांत हा मोठा गट नकळत मिसळलेला होता. जुने आकडे वाचताना हे ध्यानात ठेवावे लागते.

अमेरिका

अमेरिकेत इस्रायली वस्ती मुख्यत्वे न्यूयॉर्क, लॉस एंजेलिसचे सॅन फर्नांडो खोरे आणि अलीकडे सिलिकॉन व्हॅली येथे आहे. 1970-80 च्या दशकांत आलेल्यांतील पुष्कळांनी टॅक्सी, घरसामानाची वाहतूक, बांधकाम, हिरे-दागिने असे हाताला लागेल ते धंदे धरले. स्वतःचा व्यवसाय करणाऱ्यांचे प्रमाण त्यांच्यात आरंभापासून मोठे राहिले. पुढच्या लाटेत अभियंते, प्राध्यापक, डॉक्टर आणि नवउद्योगांचे संस्थापक आले. त्यांना आधीच स्थिरावलेल्या अमेरिकी ज्यू समाजाच्या शाळा, सभास्थाने आणि ओळखीपाळखी आयत्या मिळाल्या. तरी संबंध सुरुवातीला अवघडलेलेच होते. देश सोडणाऱ्यांकडे इस्रायलमध्ये तेव्हा हेटाळणीने पाहिले जाई. 1976 मध्ये पंतप्रधान यित्झाक राबिन यांनी त्यांना दुबळ्यांचा गाळ म्हणावे अशा शब्दांत हिणवले होते. या लोकांना स्वतःच्या नावाने उघडपणे संघटित व्हायला वेळ लागला. लॉस एंजेलिसमध्ये इस्रायली-अमेरिकी परिषद स्थापन झाली ती 2007 मध्ये.

पॅलेस्टिनी अमेरिकेत आले ते गावागावांच्या साखळीने. रामल्लाची ख्रिस्ती कुटुंबे डेट्रॉइट परिसरात एकवटली आणि 1959 मध्ये त्यांनी आपल्या गावाच्या नावाने महासंघ काढला. शिकागोच्या दक्षिण भागात किराणा दुकाने चालवणारी मुस्लिम कुटुंबे पुढे ब्रिजव्ह्यू उपनगरात सरकली. न्यू जर्सीतील पॅटरसन येथे मुख्य रस्त्याच्या एका भागाला 2022 मध्ये ‘पॅलेस्टाइन वे’ हे नाव मिळाले. जॉर्डन नदीच्या पश्चिम किनाऱ्यावरील (वेस्ट बँक) तुरमुस अय्या या पॅलेस्टिनी गावातील बहुसंख्य घरांत अमेरिकी पासपोर्ट आहेत आणि तिथले मोठमोठे बंगले शिकागो-न्यू जर्सीच्या कमाईतून उभे राहिले आहेत. म्हणजे अमेरिकेतील पॅलेस्टिनी छावणीतून आलेला निर्वासितच असतो, ही समजूत निम्मी खोटी आहे. शिक्षण व उत्पन्नात सरासरीने इस्रायली ज्यू पुढे असले तरी स्वतःचा धंदा करण्याची ओढ दोन्हीकडे ठळक दिसते. राजकारणात पॅलेस्टिनींचा प्रवेश उशिरा झाला : वडील पॅलेस्टिनी निर्वासित असलेले जस्टिन अमाश 2011 मध्ये, तर रशिदा तलैब 2019 मध्ये प्रतिनिधिगृहात आल्या.

बर्लिन

दोन्ही समुदाय शेजारी-शेजारी पाहायचे तर बर्लिनसारखे शहर नाही. नॉयकोल्न भागातील झोनेनआले या रस्त्यावर अरबी पाट्या, मिठाईची दुकाने, शवर्माच्या गाड्या. आणि त्याच भागातल्या कॅफेंत लॅपटॉप उघडून बसलेले हिब्रू बोलणारे तरुण. बर्लिनमधील पॅलेस्टिनींची संख्या साधारण 30 ते 45 हजार सांगितली जाते, इस्रायलींची दहा हजारांच्या वर.

यातले पुष्कळ पॅलेस्टिनी 1970-80 च्या दशकांत लेबनॉनच्या यादवीतून आले. त्यांना आश्रय नाकारला गेला, पण परत पाठवायला देशच नव्हता. मग हाती पडला तो ‘डुल्डुंग’ : हद्दपारी तूर्त थांबवली आहे एवढेच सांगणारा कागद. तो काही महिन्यांनी संपे, पुन्हा वाढवून मिळे, पुन्हा संपे. अनेक कुटुंबांची दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षे अशीच गेली. या काळात काम करण्यावर बंदी किंवा कडक मर्यादा, शहर सोडायला परवानगी हवी, व्यवसायशिक्षणात अडथळे. बैरूतमध्ये कारागीर किंवा शिक्षक असलेला माणूस सरकारी भत्त्यावर बसून राहिला आणि पुढे त्याच्याच मुलांच्या शाळागळतीकडे ‘अरब कुटुंबांचा प्रश्न’ म्हणून बोट दाखवले गेले. ज्याला दशकभर कमवू दिले नाही, त्याच्या उत्पन्नाची तुलना कशाशी करायची, हा प्रश्न या आकडेवारीत क्वचितच विचारला जातो. त्यातूनही माणसे वर आली. सॉसन शेब्ली बर्लिनमध्ये जन्मल्या, तरी किशोरवयापर्यंत राज्यविहीन होत्या. पुढे त्या जर्मन परराष्ट्र खात्याच्या उपप्रवक्त्या झाल्या. पश्चिम किनाऱ्यावर जन्मलेले राएद सालेह लहानपणी बर्लिनला आले आणि 2011 पासून नगर-विधिमंडळातील सोशल डेमोक्रॅट गटाचे नेतृत्व त्यांच्याकडे आले.

इस्रायलींची वाट वेगळी होती. नाझी राजवटीने ज्यांचे नागरिकत्व हिरावले त्यांच्या वंशजांना जर्मन राज्यघटनेच्या कलम 116 नुसार ते परत मागता येते. ज्यांचे पूर्वज पोलंड किंवा रुमानियाचे, त्यांना त्या देशांच्या पासपोर्टवर संपूर्ण युरोपीय संघ खुला. म्हणजे आजी-आजोबांवर ओढवलेल्या सर्वनाशाची कागदोपत्री भरपाई नातवंडांना कामाच्या हक्काच्या रूपाने मिळाली. पॅलेस्टिनींच्या विस्थापनाला असा कोणताही कागद जोडलेला नव्हता. आलेले इस्रायली बहुधा तरुण, पदवीधर, संगीत-कला किंवा संगणक क्षेत्रातले. त्यांना ढकलणारी गोष्ट बऱ्याचदा महागाई होती. 2013 मध्ये अर्थमंत्री याइर लापिद यांनी बर्लिनला जाणाऱ्यांवर जाहीर टीका केली. पुढच्याच वर्षी बर्लिनमधल्या एका इस्रायलीने मलईदार चॉकलेट पुडिंगसकट किराण्याची पावती फेसबुकवर टाकली आणि तेच पुडिंग इस्रायलमध्ये किती महाग आहे यावरून तिथे रण माजले. पुडिंगच्या भावावरून देश सोडण्याची चर्चा करता येणे हीदेखील एक सुस्थितीच.

चिली आणि मध्य अमेरिका

अरब जगाबाहेरचा सर्वांत मोठा पॅलेस्टिनी समुदाय चिलीत आहे. अंदाज 3 ते 5 लाखांचे आहेत. इस्रायल अस्तित्वात येण्याच्या कितीतरी आधी, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून बेथलेहेम, बैत जाला आणि बैत साहूर या गावांतून प्रामुख्याने ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती तरुण निघाले. बेथलेहेमचे व्यापारी ऑलिव्हच्या लाकडाच्या व शिंपल्याच्या जपमाळा, क्रूस घेऊन परदेशी प्रदर्शनांत जात असत, त्यामुळे अटलांटिकपलीकडची बाजारपेठ त्यांना माहीत होती. ऑटोमन सैन्यभरती टाळणे हे दुसरे कारण. कित्येकजण आधी आर्जेंटिनात उतरले आणि अँडीज ओलांडून चिलीत आले. हाती ऑटोमन कागद असल्याने लोक त्यांना ‘तुर्को’ म्हणत, आणि ती शिवीच होती.

पाठीवर गाठोडे घेऊन खेडोपाडी सुया, दोरे, कंगवे, कापड विकायचे, मग दुकान थाटायचे. सँटियागोच्या पात्रोनातो वस्तीत अशी दुकाने ओळीने उभी राहिली. 1930 च्या मंदीनंतर चिलीने आयात रोखून देशी कारखानदारीला पाठबळ दिले, तेव्हा कापडाचा धंदा जाणणारे आणि हाताशी भांडवल असलेले हे लोक नेमके योग्य जागी होते. बेथलेहेमच्या हुआन यारूर यांनी 1937 मध्ये सँटियागोत मोठी सूतगिरणी काढली. तीच गिरणी 1971 मध्ये कामगारांनी ताब्यात घेतली आणि समाजवादी राष्ट्राध्यक्ष साल्वादोर आयेंदे यांच्या सरकारने राष्ट्रीयीकृत केली. त्या लढ्यात पॅलेस्टिनी मालक हा शोषक भांडवलदार होता, कोणाच्याही सहानुभूतीचा विषय नव्हे. यारूर कुटुंबाची बँक आजही देशातल्या मोठ्या बँकांत गणली जाते. 1920 मध्ये स्थापन झालेल्या पालेस्तीनो फुटबॉल क्लबने 1955 व 1978 मध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. 2014 मध्ये पोशाखावरील 1 या अंकाच्या जागी पॅलेस्टाइनचा नकाशा वापरल्याबद्दल त्याला दंड झाला. पैसा आल्यावरही जुन्या उच्चभ्रू घराण्यांनी दारे उघडायला एक पिढी घेतली. नंतर आंतरविवाह वाढले, अरबी भाषा मागे पडली.

मध्य अमेरिकेत हेच घडले. होंडुरासचे कार्लोस फ्लोरेस फाकुसे यांचे आईकडचे घराणे पॅलेस्टिनी. ते 1998 मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले. एल साल्वादोरमध्ये 2004 च्या निवडणुकीत उजवे अंतोनियो साका आणि डावे शाफिक हांदाल हे दोन्ही मुख्य उमेदवार पॅलेस्टिनी वंशाचे होते, आणि 2019 पासूनचे अध्यक्ष नायिब बुकेले हेही. या यशाला एक कडू किनार आहे. ब्रिटिश अमलाखालील पॅलेस्टाइनच्या 1925 च्या नागरिकत्व आदेशाने लॅटिन अमेरिकेत गेलेल्या बहुसंख्यांना त्यांच्याच मायभूमीचे नागरिकत्व नाकारले होते.

अरब देश

येथे तुलनेला इस्रायली बाजू नाही, पण पॅलेस्टिनींचा सर्वांत मोठा हिस्सा येथेच आहे. 1948 मध्ये 7 लाखांहून अधिक लोक विस्थापित झाले. 1950 पासून संयुक्त राष्ट्रांच्या उन्र्वा संस्थेने त्यांच्यासाठी शाळा चालवल्या आणि त्यातून तयार झालेले शिक्षक, अभियंते, कारकून आखाती देशांनी उचलले. जॉर्डनने बहुसंख्यांना नागरिकत्व दिले. तेथे व्यापार व बँकिंगमध्ये त्यांचे वजन मोठे, लष्कर व नोकरशाहीत कमी. 1967 नंतर गाझाहून जॉर्डनमध्ये आलेल्यांना मात्र नागरिकत्व नाही. सीरियाने 1956 च्या कायद्याने नोकरी-धंद्यात जवळजवळ बरोबरीचे हक्क दिले. लेबनॉनने दिले नाहीत. तेथे वैद्यक, वकिली, अभियांत्रिकी असे अनेक पेशे पॅलेस्टिनींना बंद आहेत आणि 2001 पासून स्थावर मालमत्ता विकत घेण्यासही मनाई आहे. एकाच गावातून निघालेले दोन भाऊ, एक अम्मानला आणि एक सैदाजवळच्या ऐन अल-हिलवे छावणीत, यांच्या नातवंडांच्या आयुष्यांत आज काहीच साम्य नसू शकते.

कुवेतचे उदाहरण आणखी वेगळे. 1990 मध्ये तेथे सुमारे 4 लाख पॅलेस्टिनी होते, अनेक सुस्थित मध्यमवर्गीय. सद्दाम हुसेनच्या आक्रमणानंतर पॅलेस्टिनी नेतृत्व इराककडे झुकले आणि 1991 च्या अखेरीपर्यंत हा समुदाय जवळजवळ संपूर्ण बाहेर पडला किंवा बाहेर काढला गेला. बहुतेक जॉर्डनला गेले. त्यांच्या बचतीने अम्मानमध्ये बांधकामाला मोठी तेजी आली.

परतीचा मार्ग

नागरिकत्व मिळाले म्हणजे समाजाने आपले मानले असे नाही, हे मराठी वाचकांना बेने इस्रायली समाजाच्या अनुभवावरून कळेल. कोकण व मुंबईतून इस्रायलला गेलेल्या या मराठीभाषक ज्यूंना 1950 च्या परतीच्या कायद्याने पोहोचताच नागरिकत्व मिळाले, पण त्यांच्या विवाहांबाबत मुख्य रब्बींनी (प्रमुख ज्यू धर्मगुरूंनी) शंका काढली आणि आंदोलनानंतर 1964 मध्ये त्यांना सर्व बाबतींत ज्यू मानल्याचे जाहीर झाले. काहीजण 1950 च्या दशकाच्या आरंभी निषेध करून भारतात परतही आले होते.

स्थलांतरितांच्या आर्थिक निर्णयांत मागचे दार उघडे असणे फार मोलाचे असते. परदेशी गेलेला इस्रायली हवे तेव्हा परतू शकतो. दीर्घ काळाने परतणाऱ्याला परदेशातील उत्पन्नावर दहा वर्षांची करसवलत देण्याची तरतूद 2008 पासून आहे. म्हणून तो परदेशात जोखीम घेतो, जमले नाही तर घरी जातो. 2024 मध्ये सुमारे 82 हजार लोकांनी इस्रायल सोडल्याची अधिकृत नोंद झाली, तेव्हा सरकारला चिंता होती ती यातले किती परततील याची. पूर्व जेरुसलेममधील पॅलेस्टिनी मात्र इस्रायलचे ‘कायम रहिवासी’ असतात, नागरिक नव्हे. सात वर्षे परदेशी राहिल्यास किंवा दुसरे नागरिकत्व घेतल्यास हा दर्जा रद्द होऊ शकतो. 1967 पासून 14 हजारांहून अधिक जणांचा तो रद्द झाला आहे. ऑक्टोबर 2023 मध्ये अमेरिकेने इस्रायलींना व्हिसामाफी दिली, तेव्हा पॅलेस्टिनी वंशाच्या अमेरिकी नागरिकांनाही तेल अवीवच्या बेन गुरियन विमानतळावरून प्रवेश मिळावा, ही त्यातली एक अट होती. तोवर पश्चिम किनाऱ्यावर नोंद असलेल्या अमेरिकी पॅलेस्टिनींना साधारणतः जॉर्डनमार्गे, ॲलनबी पूल ओलांडूनच आपल्या गावी जावे लागे.